गालिच्याचे अस्तर : वर्धा जिल्ह्याच्या औद्योगिक इतिहासाच्या प्रकाशात

गालिच्यासंबंधी जे लेखन झाले आहे, त्यात बहुधा त्याच्या दर्शनी बाजूचा विचार केलेला आढळतो. नक्षी, रंग व लोकर यांची चर्चा होते. परंतु ज्या पाठीवर हे सारे उभे असते, तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. वास्तविक गालिचा कोणी विणावा, किती दिवसांत विणावा आणि त्याचा मोबदला कोणाच्या पदरात पडावा, हे त्याच्या न दिसणाऱ्या बाजूवरूनच पुष्कळसे ठरत आले आहे. रबरी फेसाचे अस्तर लावलेला गालिचा हा या इतिहासातील शेवटच्या टप्प्यांपैकी एक होय. कापूस हेच ज्या वर्धा जिल्ह्याचे सर्वस्व, त्याच्या इतिहासातून या टप्प्याचे मोल कसे ठरते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम सतरंजीचा विचार करू. सतरंजीला निराळी पाठ नसते. ताण्याचे सूत बाण्याखाली पूर्णपणे झाकले जाते व दोन्ही अंगे सारखीच वापरता येतात. तिला मऊ, लांब धाग्याचा कापूस लागत नाही. भरड व जाड सूत तिला पुरते. गाठींच्या गालिच्याची गोष्ट वेगळी आहे. त्यात सुताच्या ताण्यावर लोकरीचा एकेक तुकडा गाठ मारून बसवितात, आणि गाठींच्या प्रत्येक ओळीनंतर बाणा ठोकून ती ओळ घट्ट करतात. लोकर दिसते, पण ती धरून ठेवणारे सूत कापसाचे असते. म्हणजे भारतीय गालिच्याचे बूड कापसाचेच होते.

या कापसाच्या व्यापारात वर्धा जिल्ह्याचे स्थान मोठे होते. हा जिल्हा 1862 मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861–65) इंग्लंडमधील गिरण्यांना कापसाची चणचण भासू लागली होती. 1867 मध्ये वर्ध्यावरून नागपूरपर्यंत लोहमार्ग सुरू झाला आणि ‘हिंगणघाट’ हे केवळ गावाचे नाव न राहता परदेशी बाजारात कापसाच्या एका जातीचे नाव झाले. लांब धाग्याच्या ‘बनी’ वाणाची ही कीर्ती होती. परंतु पुढे शेतकऱ्याला अधिक उत्पन्न व अधिक रुई देणारी आखूड धाग्याची भरड वाणे पसरली आणि ‘बनी’ मागे पडली. शतकाच्या अखेरच्या दशकांत हिंगणघाट व पुलगाव येथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या. पिकविणारा, पिंजणारा, कातणारा व विणणारा यांची एका गावात असलेली साखळी या काळात तुटली, ही यातील महत्त्वाची घटना होय.

गाठीच्या गालिच्यात खरा खर्च श्रमाचा असतो. म्हणूनच तो विणण्यासाठी स्वस्त हातांचा शोध सतत चालू राहिला. एकोणिसाव्या शतकात पुण्याजवळील येरवड्यासारख्या तुरुंगांत कैद्यांकडून गालिचे विणून घेत असत. तुरुंगातील या उत्पादनाने जुन्या कारागिरीचा ऱ्हास होत आहे, अशी टीका जॉर्ज बर्डवुड यांनी 1880 च्या सुमारास केली होती. पुढे लहान मुलांच्या बोटांचा उपयोग होऊ लागला. 1986 च्या बालमजुरीविषयक कायद्याने गालिचाविणकाम मुलांसाठी निषिद्ध ठरविले. तेव्हा गाठीचा काळ हा निर्मळ सुवर्णकाळ होता असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही.

गाठ टाळण्याची युक्ती अमेरिकेत निघाली. जॉर्जिया राज्यातील डाल्टन परिसरात 1895 च्या सुमारास कॅथरिन एव्हान्स या तरुणीने पलंगपोसावर धाग्याचे झुबके टाकण्याची पद्धत पुन्हा प्रचारात आणली. पुढे हेच काम यंत्राच्या सुया करू लागल्या आणि 1950 च्या आसपास रुंद गालिचे या रीतीने निघू लागले. येथे गाठ नाही. तयार कापडातून सुई धागा आरपार खुपसते व त्याचा फास मागे सोडते. असा धागा ओढताच निघून येईल. म्हणून कापडाच्या पाठीवर रबराच्या चिकाचा लेप देऊन तो पक्का करावा लागतो. जे काम पूर्वी बोटे करीत, ते आता चिकटा करू लागला.

याच चिकाचा फेस केला की अस्तर तयार होते. 1929 मध्ये इंग्लंडमधील डनलॉप कंपनीच्या प्रयोगशाळेत चीक घुसळून, फेस आणून तो गोठविण्याची कृती सिद्ध झाली होती. गालिच्यासाठी बहुधा कृत्रिम रबराचा चीक घेतात. त्यात खडूची पूड, साबण, गंधक व जस्ताची भस्मे मिसळून हवा भरतात. हा फेस गालिच्याच्या पाठीवर पात्याने सारख्या जाडीत पसरतात आणि भट्टीतून नेऊन पक्का करतात. पायाखाली मऊ लागणारा, थोड्या वेळात व थोड्या खर्चात तयार होणारा हा गालिचा सामान्य कुटुंबाच्या घरात पोचला. हे त्याचे श्रेय मान्य केलेच पाहिजे.

या बदलाचा भारताशीही निकटचा संबंध आला. झुबक्यांच्या गालिच्याचे मूळ कापड आरंभी तागाचे असे आणि ते कलकत्त्याच्या गिरण्यांतून मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत जाई. पुढे खनिज तेलापासून बनविलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या कापडाने त्याची जागा घेतली व भारतीय तागाची ती पेठ आटली.

आता वर्ध्याकडे परत येऊ. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व वर्ध्याची मगनवाडी त्याचे केंद्र बनली. संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा यांनी द्रव्यांचे दोन वर्ग कल्पिले होते : खाणीतल्यासारखा साठा, जो उपसला की संपतो, आणि निसर्गाचा प्रवाह, जो वर्षानुवर्षे भरून येतो. या कसोटीवर सतरंजी प्रवाहात बसते. ती झिजली तर तिचे सूत मातीस मिळते. फेसाच्या गालिच्यात धागा, कापड, चीक व खडू असे एकजीव झालेले असतात की ते पुन्हा वेगळे करणे अतिशय कठीण असते. रबर काळाने कडक होते, त्याचा भुगा पडतो आणि वरचा धागा शाबूत असूनही सारा गालिचा टाकून द्यावा लागतो.

तथापि ही कसोटी केवळ द्रव्याची नव्हती. ज्याच्या हातून वस्तू निघते त्याचे पोट व त्याची प्रतिष्ठा या दोहोंची विचारपूस ती करीत होती. त्या दृष्टीने तुरुंगातील गाठ आणि कारखान्यातील फेस यांपैकी एकही तिला उतरत नाही : पहिलीत हात होते पण स्वातंत्र्य नव्हते, दुसऱ्यात हातांची गरजच उरली नाही. हिंगणघाटचा कापूस पिकविणाऱ्याला तर दोन्ही वेळा भावापलीकडे काही मिळाले नाही. म्हणून गालिच्याचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्याने नक्षी पाहून झाल्यावर तो एकदा उलटा करून पाहावा. किंमत कोणी मोजली, याचा हिशेब तेथे लिहिलेला असतो.