कोल्हटकर, भास्करराम
(? – ३१ मार्च १७४४). नागपूरचे पहिले रघूजी भोसले यांचा दिवाण व सेनानी. भास्करपंत या नावानेही परिचित. छत्तीसगडातील मराठी अंमलाची पायवाट त्याने पाडली, पण त्या मुलखात थांबायला त्याला सवड नव्हती. डोळा होता बंगालच्या चौथाईवर.

१७४१ मध्ये त्याने कलचुरींच्या रतनपूरला वेढा घातला. वृद्ध राजा रघुनाथसिंह पुत्रशोकाने खचलेला. तोफांनी तटाला खिंडार पडताच किल्ला शरण आला. लाखभर रुपये खंडणी घेऊन भास्कररामाने राजाला भोसल्यांचा अंकित म्हणून गादीवर ठेवले. कलचुरींच्या रायपूरच्या धाकट्या पातीच्या अमरसिंहाला या स्वारीची झळ लागली नाही. छत्तीसगडात मुक्काम करून कारभार पाहिला तो पुढे, १७५८ पासून, रघूजींचा मुलगा बिंबाजी याने. तिथल्या मराठी वस्तीचा इतिहास सांगताना बिंबाजीच्या आधी भास्कररामाचे नाव घ्यायला हवे.

१७४२ च्या एप्रिलमध्ये त्याने ओरिसाहून परतणाऱ्या बंगालच्या नवाब अलीवर्दीखानाला बरद्वानजवळ कोंडीत धरले. नवाब कसाबसा कटव्याला निसटला. नवाबाच्या बाजूचा मीर हबीब मराठ्यांना मिळाला आणि मुर्शिदाबादेत जगत्शेठांची पेढी लुटली गेली. गावे जळाली, लोक परागंदा झाले. बंगाली अंगाईगीतांत ही दहशत अजून टिकून आहे आणि ती अतिशयोक्ती म्हणून झटकता येत नाही. कलकत्त्याच्या इंग्रजांनीही धास्तीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्या शरदात भास्कररामाने दाईंहाटच्या छावणीत जमीनदारांकडून वर्गणी उकळून थाटात दुर्गापूजा मांडली. नवमीच्या पहाटे, २७ सप्टेंबरला, नवाबाची फौज नदी उतरून झोपलेल्या छावणीवर तुटून पडली. पूजा अर्ध्यावर टाकून मराठे पळाले.

१७४४ मध्ये तो पुन्हा आला. तहाची बोलणी लावून नवाबाने त्याला मनकऱ्याच्या शामियान्यात बोलावले. कनातीआड मारेकरी दबा धरून होते. अनेक सरदारांसह तो कापला गेला. बाहेर राहिलेला रघूजी गायकवाड तेवढा फौज घेऊन निसटला. रणात मुरलेल्या दिवाणाने शत्रूच्या शब्दावर इतका विश्वास टाकावा, हे नवलच.

या दग्याने नवाबाची सुटका झाली नाही. पुढच्याच वर्षी रघूजी स्वतः चालून आले आणि १७५१ च्या तहात अलीवर्दीला बंगालची चौथाई म्हणून सालीना १२ लाख रुपये कबूल करावे लागले. ओरिसाही हळूहळू भोसल्यांकडे गेला.