कण्हदासाचे नाव दगडात कोरले गेले, आपल्या आज्यांचे का नाही?

मागच्या हिवाळ्यात एका शहरात भरलेले प्रदर्शन पाहायला गेले होते. वरच्या मजल्यावर तैलचित्रे होती. प्रत्येक चित्राखाली चित्रकाराचे नाव, साल, माध्यम आणि किंमत. तळमजल्यावर गोधड्या, सुपे, टोपल्या, केरसुण्या आणि कोल्हापुरी चपला मांडल्या होत्या. त्या सगळ्यांवर मिळून एकच पाटी: 'पारंपरिक हस्तकला'. गोधडी कुणी शिवली, असे मी तिथल्या कार्यकर्त्याला विचारले. तो सहज म्हणाला, "ताई, हे लोक पिढ्यानपिढ्या करतात, त्यात नाव कुठे असतं?"

त्याचा काही वाईट हेतू नव्हता, पण इतिहास त्या एका वाक्यात आहे. वरच्या मजल्यावर माणसे होती आणि खाली 'हे लोक' होते. कला कशाला म्हणायचे आणि कारागिरी कशाला, हा प्रश्न आपल्याकडे सौंदर्यशास्त्राचा म्हणून चर्चिला जातो. माझ्या मते तो आधी जातीचा प्रश्न आहे. ते का, हे पुराव्यानिशी पाहू.

सुरुवात आपल्याच लेण्यांपासून करू. कन्नडजवळ पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. तिथे उत्खननात यक्षाची एक दगडी मूर्ती सापडली. तिच्या हातावर ब्राह्मी लिपीत लेख आहे आणि त्यात मूर्ती घडवणाऱ्याचे नाव आहे: कण्हदास, व्यवसायाने सोनार. सोन्यावर हात बसलेल्या माणसाने दगड घडवला आणि आपले नाव लिहून ठेवले. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यात कण्हाचा शिष्य बलाक याने काम केल्याचा लेख आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी कोरीवकाम केल्याची नोंद आहे. त्याच तोरणावर राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाचाही लेख आहे. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकट गावच्या सुताराचे नाव येते. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे संघासाठी ठेवलेल्या ठेवींचा उल्लेख आहे. नाशिकच्या लेण्यात उषवदाताने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे 2000 आणि 1000 कार्षापण ठेवल्याचे व्याजदरासह लिहिले आहे. म्हणजे बुरूड आणि विणकर हे त्या काळात पैशाच्या बाबतीत विश्वास ठेवण्याजोगे लोक होते. आजच्या भाषेत सांगायचे तर त्यांची पत होती.

तो काळ समतेचा सुवर्णकाळ होता, असा दावा मी करत नाही. अजिंठ्याच्या चित्रकारांची नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत. विनयपिटकातच त्या वेळच्या समाजाची उतरंड नोंदलेली आहे. टोपल्या विणणे, मडकी घडवणे, कापड विणणे, चामड्याचे काम आणि न्हाव्याचे काम ही समाजात हलकी समजली जाणारी शिल्पे. गणना, हिशेब आणि लेखन ही उच्च शिल्पे. पण ही यादी कुठे येते ते पाहा. भिक्षूने दुसऱ्या भिक्षूला त्याच्या जातीवरून, कामावरून, शिल्पावरून हिणवले तर तो दोष आहे, असे सांगणाऱ्या नियमाच्या स्पष्टीकरणात ती येते. समाज भेद करत होता आणि संघ तो भेद तोंडावर आणायला बंदी घालत होता. शिवाय लेखनिकाचे काम असो की कुंभाराचे, पालीत शब्द एकच: सिप्प. आपण विहारात म्हणतो त्या मंगलसुत्तात शिल्प अवगत असणे हे उत्तम मंगलांपैकी एक मानले आहे. तिथे अमक्याचे शिल्प आणि तमक्याचे नाही, अशी अट नाही.

आता दुसरी परंपरा पाहू. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात कुणाच्या घरचे अन्न खाऊ नये याची यादी आहे. त्यात लोहार आहे, रंगभूमीवर उतरणारा नट आहे, सोनार आहे, बांबूकाम करणारा आहे. पुढे असेही सांगितले आहे की सोनाराचे अन्न आयुष्य खाते, कारागिराचे अन्न संतती नष्ट करते आणि चामडे कापणाऱ्याचे अन्न यश हिरावून घेते. दहाव्या अध्यायात शूद्राला द्विजांची सेवा मिळाली नाही आणि बायकामुलांचे हाल होऊ लागले तरच त्याने कारागिरीवर जगावे, अशी सोय आहे. पितळखोऱ्याचा सोनार आणि जुन्नरचे बुरूड इथे ताटाबाहेर गेले.

याच संस्कृत परंपरेत 'कला' या शब्दाला मात्र मोठा मान आहे. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांत सुतारकाम आहे, वेताचे विणकामही आहे. नागरकाने किंवा गणिकेने हौसेने वेत विणला तर ती कला ठरते, आणि बुरडाने पोटासाठी विणला तर त्याच्या हातचे अन्न विटाळते. वेत तोच, वीण तीच. फरक हातात नाही, हात कुणाचा आहे यात आहे.

इंग्रज आले आणि या उतरंडीवर युरोपातली आणखी एक उतरंड चढली. फ्रान्समध्ये 1746 साली शार्ल बात्यो याने काव्य, चित्र, शिल्प, संगीत आणि नृत्य यांना 'ललित कला' म्हणून एका गटात बसवले. रोजच्या वापराच्या वस्तू घडवणारे त्या गटाबाहेर राहिले. मुंबईत 1857 साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले ते याच विचारांच्या सावलीत. पुढे जॉर्ज बर्डवूड यांनी 1880 साली भारतीय औद्योगिक कलांवर ग्रंथ लिहिला. भारतीय कारागिरीचे त्यांनी तोंड भरून कौतुक केले. पण इथे चित्र आणि शिल्प ललित कला म्हणून नाहीतच, असा त्यांचा निष्कर्ष होता. याच बर्डवूड यांनी 1910 साली लंडनमध्ये जावातल्या एका बुद्धमूर्तीची तुलना उकडलेल्या पुडिंगशी केली.

त्यांच्या कौतुकात खरी मेख आहे. पिढीजात कारागीर टिकून राहिले याचे श्रेय ते मनूच्या संहितेने घालून दिलेल्या ग्रामव्यवस्थेला देतात. आनंद कुमारस्वामी यांनीही 1909 साली भारतीय कारागिरावर लिहिताना वंशपरंपरागत धंद्याचा गौरव केला. गावगाडा किती सुंदर, प्रत्येकजण आपापले काम किती निष्ठेने करतो! हे कौतुक बलुत्यासाठी ताटकळलेल्या माणसाने केलेले नाही.

बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिनिर्मूलना'त या सौंदर्यदृष्टीच्या मुळावरच घाव घातला. जात कामाची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्यांना एकमेकांपासून तोडून एकावर एक रचते, असे त्यांनी दाखवून दिले. आवड आणि कुवत न पाहता जन्मावरून धंदा लादला की माणसाचे मन त्या कामात उरत नाही, हाही त्यांचा मुद्दा होता. कला आणि कारागिरीच्या वादात हा मुद्दा कुणी आणत नाही, म्हणून तो वाद अर्धवट राहतो.

कुणी म्हणेल, मग दोन्हींत काही फरकच नाही का? आहे. आर. जी. कॉलिंगवूड यांनी 1938 साली मांडले की कारागिराला शेवटी काय बनवायचे ते आधीच ठाऊक असते, कलावंताला ते करता करता सापडते. हे मला बरेचसे पटते. पण मग माझ्या आजीकडे पाहा. जुन्या लुगड्यांच्या चिंध्या समोर पसरून ती बसायची. कुठला तुकडा कुठे जाईल हे तिला आधी ठाऊक नसायचे. हिरव्याशेजारी लाल लावून बघायची, मान हलवून उसवायची, पुन्हा लावायची. कॉलिंगवूड यांच्या कसोटीवर ती कलावंत ठरते. उलट, मागणीबरहुकूम एकसारखी निसर्गचित्रे काढणारा कारागीर ठरतो. म्हणजे फरक कामाच्या आतला आहे. तो वस्तूवरून ठरत नाही, आणि जातीवरून तर मुळीच नाही.

यात मी आणखी एक कसोटी जोडते: नकार देण्याचे स्वातंत्र्य. गावच्या मिरवणुकीपुढे हलगी वाजवणाऱ्याला 'आज वाजवणार नाही' म्हणायची सोय नव्हती. वाजवणे अप्रतिम होते, पण ते वेठीचे होते. तीच हलगी आज मोर्चात स्वतःच्या इच्छेने वाजते तेव्हा तिचा अर्थ बदलतो.

म्हणून 'लुप्त होणाऱ्या कला वाचवा' अशी हाक आली की मी विचारते, वाचवायचे कुणी? ज्यांच्या पोरांनी कातडी कमावणे सोडून पुस्तक धरले, त्यांनी? त्यांनी काही गमावले असेल, पण ते सोडण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. ज्यांना ते काम करायचे आहे त्यांचा प्रश्न वेगळा आहे. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले. 2025 च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या मंचावर तशाच चपला आणल्या, तेव्हा आधी उगमाचा उल्लेखही नव्हता. ओरड झाल्यावर कंपनीने तो मान्य केला. आपल्याकडे संताप उसळला तो 'महाराष्ट्राच्या अस्मिते'साठी. चप्पल शिवणाऱ्या चर्मकाराचे नाव त्या संतापातही फारसे कुणी घेतले नाही. चामडे कापणाऱ्याच्या वाट्याला यश नाही, हा मनूचा हिशेब आपण अजून किती इमानाने चालवतो!

आपली मागणी साधी आहे. वस्तूखाली घडवणाऱ्याचे नाव लिहा. तिच्या वेळेचा आणि बुद्धीचा दाम द्या. आणि ते काम करायचे की नाही, हे तिच्यावर सोडा. एवढे झाले की वरचा मजला आणि तळमजला आपोआप एक होतील.

त्या प्रदर्शनाच्या अभिप्राय वहीत मी एकच ओळ लिहिली: 'गोधडी शिवणाऱ्या बाईचे नाव शोधा.' दोन हजार वर्षांपूर्वी एका सोनाराला आपले नाव कोरता आले, तर आज एका पाटीवर ते लिहायला काय अडचण आहे?

जय भीम. नमो बुद्धाय.