डेट्रॉइटचा ऱ्हास

मोटारीचा धंदा बसला म्हणून अमेरिकेंतील डेट्रॉइट शहर ओसाड झालें, असें सामान्यतः समजण्यांत येतें. परंतु आमच्या मतें हें अर्धेंच सत्य होय.

इ. स. १९१३ मध्यें हेन्री फोर्डनें हायलंड पार्क येथील कारखान्यांत सरकत्या पट्ट्यावर मोटारी जोडण्यास आरंभ केला, व पुढील वर्षीं रोजची मजुरी पांच डॉलर ठरविली. अशा मजुरीच्या ओढीनें माणसें लोटलीं, आणि १९५० च्या शिरगणतींत शहराची वस्ती १८,४९,५६८ भरली. २०२० सालीं ती अवघी ६,३९,१११ उरली.

पण या अवधींत भोंवतालचीं उपनगरें मात्र वाढलीं. नव्या कारखान्यांस ऐसपैस, एकमजली इमारती हव्या होत्या. त्या शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर उठल्या. ज्या मोटारीनें शहर घडविलें, तिच्यांतच बसून गोरीं कुटुंबें तिकडे राहावयास गेलीं. कृष्णवर्णी कुटुंबांची वाट मात्र घरविक्रीच्या अटींनीं व कर्जें नाकारून अडविण्यांत आली. १९६७ च्या दंगलींत ४३ माणसें मेलीं, व निघून जाणारांची रीघ वाढली. कर देणारे हद्दीबाहेर, आणि रस्ते, दिवे, निवृत्तिवेतनें यांचा भार हद्दीच्या आंत, अशी वांटणी झाल्यावर २०१३ सालीं नगरपालिकेचें दिवाळें निघालें, यांत नवल तें काय?

शहर मेलें नाहीं. त्याची संपत्ति वेशीबाहेर गेली व देणें आंत राहिलें. पडक्या घरांचीं चित्रें पाहून हळहळणारांनीं ती वेस कोणासाठीं बंद होती, हेंहि विचारावें.