कर्जतचं पाणी, कल्याणचा गाळ

पावसाळ्यातल्या शनिवारी पहाटेची कर्जत लोकल पकडलीत तर अर्धा डबा आपल्यासारख्यांचाच असतो. पाठीवर सॅक, पायात ट्रेकचे बूट, आणि "आज ऑफिसचा विषय नाही" असं ठरवून चाललेल्या ऑफिसच्याच गप्पा. कोंढाण्याची लेणी करून राजमाचीला चढलं की खाली जी हिरवीगार दरी दिसते, ती उल्हास नदीची. मी तिचे ढीगभर फोटो काढलेत. पण ही नदी पुढे जाऊन काय करते, हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं.

तसं पाहिलं तर कर्जत आणि खालापूर तालुक्यांना समुद्र नाही. पण समुद्राशी त्यांचं नातं आहे, ते दोन नद्यांमुळे. उल्हास कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणला जाते आणि तिथून खाडी होऊन वसईला समुद्राला मिळते. पाताळगंगा खोपोली, खालापूर, रसायनी करत धरमतरच्या खाडीकडे. या दोन्ही नद्यांना टाटांच्या वीजघरांचं पाणी मिळतं. खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. म्हणजे घाटमाथ्यावरचं, एरवी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं ते पाणी आपण धरणात अडवून कोकणात सोडलं. उन्हाळ्यातही पाणी असलेली नदी, शेजारी रेल्वे, जवळ मुंबईची बाजारपेठ. कारखान्याला आणखी काय हवं?

आता कल्याणला येऊ. शहाड आणि मोहने इथे, उल्हासच्या काठी, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत रेयॉनचे कारखाने उभे राहिले. रेयॉन म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला कृत्रिम रेशमासारखा धागा. त्याला लागतो कॉस्टिक सोडा, आणि तोही अगदी शुद्ध. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की कॉस्टिक आणि क्लोरीन मिळतात, हे आपण अकरावी-बारावीत घोकलेलं असतं. त्या काळी सर्वांत शुद्ध कॉस्टिक मिळायचं ते पाऱ्याच्या सेलमधून. वाहता पारा हा ऋण ध्रुव. त्यात सोडियम विरघळतो, मग त्याची पाण्याशी गाठ घालून कॉस्टिक वेगळं काढायचं आणि पारा परत सेलमध्ये.

कागदावर हे चक्र एकदम परफेक्ट. पारा खर्च होतच नाही, नुसता फिरत राहतो. पण पाऱ्यासारखा निसटणे हा वाक्प्रचार मराठीत उगाच नाही आला! थोडा वाफेतून, थोडा मिठाच्या चिखलातून, थोडा सांडपाण्यातून तो निसटत राहिला. दर टनामागे थोडाथोडा. पण रोज, आणि वर्षानुवर्षं.

बरं, नदीत गेलेला पारा जातो कुठे? पाण्यात तो फार काळ राहत नाही. मातीच्या बारीक कणांना चिकटतो. जिथे नदी मंद होते आणि भरतीचं खारं पाणी समोरून येतं, तिथे ते कण खाली बसतात. म्हणून खाडीचा गाळ ही एक प्रकारची लॉग फाइल आहे. जुन्या नोंदी खाली, नव्या वर. गाळात पाइप घालून उभा नमुना काढायचा, त्याचे पातळ काप करायचे, आणि प्रत्येक कापाचं वय शिसे-२१० या किरणोत्सारी शिशावरून काढायचं. दर २२ वर्षांनी ते निम्मं होतं, त्यामुळे शंभरेक वर्षांचा हिशोब लागतो.

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे काम आपल्याकडे चिकाटीने केलं. झिंगडे आणि देसाई यांचा ठाणे खाडीतल्या पाऱ्यावरचा निबंध १९८१ चा. उल्हासच्या खाडीतल्या गाळावरचा निबंध २००३ चा. त्यात दिसतं ते असं: पारा सर्वांत जास्त खाडीच्या आतल्या टोकाला, कारखान्यांचं सांडपाणी येतं तिथे, आणि समुद्राकडे जावं तसा कमी कमी. २००९ मध्ये अंबा नदीच्या खाडीतल्या गाळातही पारा वाढल्याची नोंद झाली. ही खाडी धरमतरची, म्हणजे पाताळगंगेच्या शेजारचीच.

यात चांगली बातमीही आहे. नव्याने सोडला जाणारा पारा कमी होत गेला. २००३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सनदेत या उद्योगाने २०१२ पर्यंत पाऱ्याचे सेल बंद करायचं कबूल केलं. त्यांच्या जागी मेम्ब्रेन सेल आले. मोहन्याचा कारखाना तर २००९ मध्येच बंद पडला. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली.

पण नळ बंद केला म्हणून सांडलेलं पाणी पुसलं जात नाही. गाळात हवा नसते. तिथले काही जिवाणू पाऱ्याचं मिथाइल पारा नावाचं विष बनवतात. तो किड्यांत, कोलंबीत, मग माशात साठत जातो, आणि प्रत्येक पायरीला वाढतो. जपानमध्ये मिनामाता इथे हेच झालं. आजार १९५६ मध्ये उघडकीस आला, कारखान्याने पारा सोडणं थांबवलं १९६८ मध्ये, आणि उपसागराचा गाळ काढायचं काम चाललं १९७७ ते १९९०. सुमारे १५ लाख घनमीटर गाळ! उल्हासची गोष्ट मिनामाताएवढी भीषण आहे असं मी म्हणत नाही. इथे सोडला गेलेला पारा वेगळ्या रूपातला होता. पण निस्तरायला किती वर्षं लागतात, एवढं तरी मिनामाताकडून शिकायला हरकत नाही.

आता मूळ मुद्दा. शांत पडलेला गाळ बराचसा निमूट असतो. वरून नवा, कमी पारा असलेला थर बसत जातो आणि जुनी नोंद खाली गाडली जाते. तो ढवळला की मात्र जुनं सगळं वर येतं. उल्हासच्या खाडीत सक्शन पंपांनी चोरटा रेती उपसा होतो, हे पेपरात नेहमी वाचतो आपण. २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग ५३ जाहीर झालाय. ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास अडकणाऱ्या माझ्यासारख्याला बोट हवीच आहे! पण बोटीसाठी खाडी खोल करायची तर गाळ काढावा लागेल. कुठला थर काढणार, त्यात काय आहे, तो नेऊन टाकणार कुठे? खाजणात टाकला तर चिंबोऱ्या तिथेच आणि त्या धरणारेही तिथेच. मासेमारीवर जगणाऱ्याला हे विचारायची सोय नसते. आपल्याला असते.

पाणी तपासून "नदी सुधारली" म्हणणं सोपं आहे. पाणी रोज नवं येतं, कर्जतहून. गाळ मात्र तिथेच असतो.

पुढच्या पावसात राजमाचीला जाल तेव्हा दरीचा फोटो जरूर काढा. आणि कधीतरी कसाऱ्याची लोकल पकडून शहाडच्या पुढच्या पुलावरूनही खाली बघा. नदी तीच आहे.