काहीच सापडलं नाही, तरी हाती काय लागलं?

मागच्या दिवाळीत खाप्याला घरी गेलो होतो. काकाजींना सांगत बसलो, की मुंबईच्या टीआयएफआरमधल्या लोकांनी जपानच्या एका प्रयोगाचा दहा-अकरा वर्षांचा डेटा चाळला. 'डी-शून्य' नावाचा कण फुटून फक्त दोन फोटॉन निघतात का, एवढंच बघायला. काकाजींनी विचारलं, "मंग भेटलं काय?" म्हटलं, "नाही." "मंग एवढा खटाटोप कायले केला रे?"

मी सॉफ्टवेअरवाला. क्वेरीनं शून्य ओळी दिल्या तर आधी क्वेरीच चुकली असं धरणारा. तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज देतो.

गंमत बघा, चार्म क्वार्कची गोष्टच 'नाही सापडलं'पासून सुरू होते. केऑन कणांचे काही ऱ्हास, म्हणजे फुटण्याचे प्रकार, तेव्हाच्या गणितानुसार दिसायला हवे होते. ते जवळजवळ दिसतच नव्हते. १९७० मध्ये ग्लॅशो, इलिओपुलोस आणि मायानी म्हणाले, चौथा क्वार्क मानला तर दोन वाटा एकमेकींना खोडतात आणि हे ऱ्हास दुर्मिळ होतात. नोव्हेंबर १९७४ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांना चार्मचा पुरावा मिळाला. १९७६ मध्ये डी-शून्यही सापडला.

तीच खोडाखोड डी-शून्यलाही लागू होते. म्हणून दोन फोटॉनचा ऱ्हास १० कोटींत एक ते तीन वेळाच अपेक्षित आहे. याहून बराच जास्त दिसला, तर मागे एखादा अनोळखी कण असू शकतो. काही नव्या सिद्धांतांत तर हा आकडा १० लाखांत ६ पर्यंत जात होता.

मग शोध सुरू झाला. २००३ मध्ये अमेरिकेतल्या क्लिओ प्रयोगानं सांगितलं: १ लाखात ३ पेक्षा कमी. २०१२ मध्ये बाबार प्रयोगानं मर्यादा १० लाखांत २.२ वर आणली. त्यानंतर जपानच्या त्सुकुबामधला बेल. तिथं १९९९ ते २०१० इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या टकरी झाल्या. टीआयएफआरचे एन. के. निसार, गगन मोहंती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या डेटात शोध घेतला.

अडचण अशी, की न्यूट्रल पायॉनही फुटून दोन फोटॉनच देतो. त्यामुळे खोट्या जोड्यांचा ढीग. त्यावर युक्ती काय? फक्त तेच डी-शून्य घ्यायचे, जे 'डी-स्टार' कणातून आले. सोबत एक मंद पायॉन निघतो, तीच त्यांची खूण. पायॉनचे वाटणारे फोटॉन बाजूला काढायचे. शिवाय खरा सिग्नल असताच, तर आपल्या चाळणीतून किती टिकला असता, हेही मोजायचं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. हे मोजलं नाही, तर शून्याला काही अर्थ नाही.

२०१६ मध्ये निकाल छापून आला. सिग्नल नाही. ९० टक्के खात्रीनं मर्यादा: १ कोटीत ८.५. म्हणजे १० लाखांत ६ म्हणणाऱ्या सिद्धांतांचं दार बाबारनं लावलं होतं, बेलनं कडी घातली. अपेक्षित आकडा अजून कित्येक पट खाली आहे. २०१९ पासून बेल-२ जोमानं डेटा घेतोय. त्याच्या सिलिकॉन डिटेक्टरचा चौथा थर टीआयएफआरच्या गटानं बनवलाय.

हे सगळं काकाजींना फोनवर सांगितलं. ते गुमगावच्या मँगनीज खाणीत होते. म्हणाले, "आमच्याकडं बोअर कोरा गेला, तरी नकाशावर खूण करत. किती खोल गेलो तेही लिहत. पुढच्यानं तिथंच पुन्हा खोदू नये म्हणून."

बस, हेच सांगायचं होतं. कोऱ्या बोअरची खोली लिहून ठेवली, तर तोही निकालच असतो. भेटू पुढच्या भागात!