अंदाज आणि अंतर

सातवीच्या मुलांना मी एकदा मैदानात उभे केले आणि विचारले, ‘‘इथून त्या कडुनिंबापर्यंत किती मीटर असतील? अंदाजे से बताओ.’’ पंधरा, चाळीस, साठ अशी उत्तरे आली. टेप लावला तेव्हा सव्वीस मीटर भरले. यांच्यापैकी कित्येकांचे वडील भोसरी-चाकणच्या कारखान्यांत मिलिमीटरचेही भाग मोजतात. पण नुसत्या डोळ्यांनी अंतर जोखण्याची गरज आता कुणालाच उरलेली नाही.

‘अंदाज’ हा शब्द मराठीत आणि उर्दूत सारखाच रुळलेला आहे. फारसीत ‘अंदाख्तन’ म्हणजे टाकणे, फेकणे. त्यावरून तीर टाकणारा तो तीरंदाज आणि तोफेचा गोळा टाकणारा तो गोलंदाज. आणि ‘अंदाजा’ म्हणजे माप, अदमास. फेकणे आणि मापणे हे दोन अर्थ इतके जवळ का, ते शिकाऱ्याला सांगावे लागत नाही.

धनुष्यातून सुटलेला बाण सरळ रेषेत जात नाही. सुटल्या क्षणापासून तो खाली येऊ लागतो. सेकंदाला पन्नास मीटर वेगाचा बाण धरू. हरीण तीस मीटरवर आहे असे समजून नेम धरला आणि प्रत्यक्षात ते चाळीसवर असले, तर बाण नेमाच्या सुमारे पाऊण मीटर खाली जातो. काळवीट खांद्याशी साधारण तेवढेच उंच असते. म्हणजे बाण त्याच्या पायांजवळ मातीत रुततो. चूक याहून थोडी असेल तर अधिक वाईट, कारण जनावर मरत नाही, जखमी होऊन पळते आणि रानात तडफडत राहते. त्यातून डोळाही फसवतो. लख्ख उन्हात, मोकळ्या माळावर किंवा मध्ये घळ असेल तर सावज जवळ भासते. सांजावल्यावर दूर भासते. म्हणून जाणता शिकारी आधी झाड, खडक, वाटेचे वळण अशा खुणा पावलांनी मोजून ठेवतो आणि मग दबा धरतो. आपल्याकडचे फासेपारधी शिकवलेल्या गाईबैलाच्या आडोशाने सावजाच्या जवळ सरकत. अंतर ओळखण्यापेक्षा ते कमी करणे त्यांना भरवशाचे वाटत असावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ही विद्या आठवणीपुरती उरली, आणि ते योग्यच झाले.

या विद्येचा चाकणशी फार जुना संबंध आहे. चाकण म्हटले की आपल्याला १६६० आठवते. शाइस्ताखानाचा वेढा, फिरंगोजी नरसाळ्यांनी जवळजवळ दोन महिने लढवलेला संग्रामदुर्ग. मी सांगतो ती हकीकत त्याच्याही दोनशे वर्षे आधीची आहे, आणि तिची सुरुवात एका शिकारीत होते.

अहमदशहा बहमनी १४२२ मध्ये गादीवर आला. त्यानंतर लवकरच विजयनगरवरच्या स्वारीत असताना तो शिकारीला निघाला आणि हरणामागे घोडा फेकत सैन्यापासून दूर गेला. सावजाचे अंतर त्याने जोखले असेल. आपल्याच छावणीचे जोखायला विसरला. विजयनगरच्या घोडदळाने त्याला गाठले. मातीच्या भिंतीच्या एका गुरांच्या वाड्याचा त्याने आसरा घेतला. तेवढ्यात त्याच्या पदरचे सुमारे दोनशे परदेशी तीरंदाज येऊन पोहोचले आणि मदत येईपर्यंत त्यांनी शत्रूला बाणांनी रोखून धरले. मला वाटते, तिथे जागाच त्यांच्या सोयीची होती. पाठीशी भिंत, समोर मोकळे रान आणि येणारा प्रत्येक घोडा टप्प्यात.

ही हकीकत फिरिश्ता देतो. पुढे तो म्हणतो की, या उपकाराची जाण ठेवून सुलतानाने इराक, खुरासान, तुर्कस्तान, अरबस्तान इथले तीन हजार तीरंदाज चाकरीला ठेवायला सांगितले. हे काम सोपवले खलफ हसन बसरीवर. हा मूळचा व्यापारी. ‘मलिक-उत्-तुज्जार’ म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, हा त्याचा किताब. पुढे कोकण जिंकण्याच्या कामगिरीवर त्याने आपले ठाणे मांडले ते चाकणला.

१४५३ च्या सुमारास तो सह्याद्री उतरून खेळण्यावर, म्हणजे आजच्या विशाळगडावर निघाला. वाट दाखवण्याचे वचन शिर्क्यांनी दिले होते. त्यांनी त्याला दाट जंगलात नेले आणि तिथे रात्री त्याच्या सैन्यावर छापा पडला. चार हातांपलीकडचे दिसत नाही अशा रानात कसला टप्पा आणि कसला नेम? मलिक-उत्-तुज्जार तिथेच मारला गेला.

वाचलेले चाकणच्या किल्ल्यात परतले. बहमनी दरबारात तेव्हा दख्खनी आणि आफाकी, म्हणजे इथले आणि बाहेरून आलेले, असे दोन तट होते. दोन्ही बाजूंना बहुतेक मुसलमान सरदार. भांडण मानाचे, जागांचे आणि जहागिरींचे. दख्खनी सरदारांनी सुलतानाला कळवले की, हे आफाकी फितूर झाले आहेत. हुकूम सुटला आणि चाकणला वेढा पडला. किल्ला हाती येईना, तेव्हा अभयाचे वचन देऊन त्यांना बाहेर बोलावले, मेजवानीला बसवले आणि जेवता जेवता कापून काढले. बाराशे सय्यद आणि सुमारे हजार इतर, असा आकडा फिरिश्ता देतो. तो स्वतः इराणातून आलेला आणि दीडशे वर्षांनंतर लिहिणारा. त्याचा कल ध्यानात ठेवूनच हे आकडे वाचायला हवेत. कत्तल झाली याबद्दल मात्र शंका नाही.

ज्यांच्या पूर्वीच्या साथीदारांनी बाणाच्या टप्प्यावर सुलतानाचा जीव राखला, त्यांचा घात दस्तरखानाच्या अंतरावर झाला. तिथे धनुष्य ओढायलाही जागा नसते. वाचले ते कासिम बेग आणि त्याचे काही सोबती. दिलेल्या वचनावर त्यांचा विश्वास नव्हता म्हणून ते जरा दूर राहिले होते. ते बीदरला पोहोचले, खरे काय ते सुलतानाला कळले आणि कारस्थान करणाऱ्यांना शिक्षा झाली. मेलेले अर्थात परत आले नाहीत.

संग्रामदुर्गाचे पडके अवशेष आज चाकणच्या भर वस्तीत आहेत. मुलांना घेऊन गेलो तेव्हा १६६० सांगितले आणि हेही सांगितले. एकाने विचारले, ‘‘सर, ते सगळे एकाच धर्माचे होते, मग मारले का?’’ मी म्हणालो, सुलतानाने चाकणहून आलेली पत्रे वाचली आणि एवढ्या लांबून माणसांचा अंदाज बांधला. जवळ जाऊन बघितले नाही.

परतल्यावर मुलांनी पुन्हा कडुनिंबाचे अंतर सांगून बघितले. या वेळी आधी दोघेतिघे पावले टाकत झाडापर्यंत जाऊन आले.