व्यक्तिकेंद्री नियोजन व चिंतनशील कार्यपद्धती : जयपूर फूटचा दाखला

अपंग, वृद्ध, मनोरुग्ण किंवा निराधार व्यक्तीला कोणती मदत द्यायची हे संस्थेजवळ काय शिल्लक आहे त्यावरून न ठरवता, त्या व्यक्तीला कसे जगायचे आहे त्यावरून आणि तिच्या सहभागाने ठरवणे, म्हणजे व्यक्तिकेंद्री नियोजन. कार्यकर्त्याने आपल्या कामाकडे, त्यातही फसलेल्या कामाकडे, पुन्हा पाहणे, आपण काय गृहीत धरले होते ते तपासणे आणि पुढचे काम त्यानुसार बदलणे, म्हणजे चिंतनशील कार्यपद्धती. पहिली कल्पना १९८०च्या दशकात अमेरिका व कॅनडात आकाराला आली. बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांना मोठ्या निवासी संस्थांमधून बाहेर काढून समाजात राहता यावे, यासाठी जॉन ओब्रायन आणि त्यांचे सहकारी करत असलेल्या कामातून ती घडली. दुसरीला डोनल्ड शॉन यांच्या १९८३ सालच्या ग्रंथामुळे नाव आणि प्रतिष्ठा मिळाली. बहुधा त्यांचा विचार वेगवेगळा केला जातो : एक नियोजनाचे तंत्र, दुसरी कार्यकर्त्याच्या मनाची शिस्त. पण पहिली दुसरीशिवाय उभीच राहत नाही, असे या नोंदीचे म्हणणे आहे. त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा या दोन्ही संज्ञा रुळण्याच्या कितीतरी आधी जयपुरात तयार झाला होता.

१९६०च्या दशकात जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी अस्थिशल्यचिकित्सा पाहत होते. पाय गमावलेल्यांना त्या काळी पाश्चात्त्य धर्तीचा कृत्रिम पाय मिळे. त्याचा घोटा घट्ट, आत न वाकणारा गाभा, आणि तो झाकायला बूट आवश्यक. तंत्राच्या दृष्टीने त्यात खोट नव्हती, तरी अनेकांनी तो काढून ठेवला आणि पुन्हा कुबड्या घेतल्या. अशा वेळी रुग्ण अडाणी आहे, आळशी आहे, सरावाला कंटाळतो असे म्हणणे सगळ्यांत सोपे असते. सेठींनी उलट बाजूने पाहिले : काढून ठेवलेला पाय रुग्णाबद्दल काही सांगत नसून पाय देणाऱ्याबद्दल सांगतो आहे. या माणसांना घरात जमिनीवर मांडी घालून बसायचे असते, शौचाला उकिडवे बसायचे असते, देवळात आणि स्वयंपाकघरात अनवाणी जायचे असते, पाणी सोडलेल्या शेतात आणि बांधावरून चालायचे असते. बुटातला पाय यांतले एकही काम करू देत नव्हता. शिवाय चिखलात बूट भिजला की पायही खराब होई.

उत्तर शोधायला त्यांना साथ मिळाली ती रामचंद्र शर्मा या कारागिराची. शाळा फारशी न शिकलेल्या, पण हातात कमालीची कला असलेल्या शर्मांना सगळे मास्टरजी म्हणत. १९६८च्या सुमारास दोघांच्या प्रयोगांतून जे पाऊल तयार झाले, त्यात टाचेला आणि पुढच्या भागाला स्पंज रबर होते, घोट्याजवळ लाकडाचा ठोकळा होता, आणि या सगळ्यावर कातडीच्या रंगाच्या रबराचे एकसंध आवरण होते. त्याला बोटेही होती. ते घोट्यातून वर वाकते, आत-बाहेर कलते, भिजले तरी चालते आणि बुटाशिवाय वापरता येते. या यादीतला एकेक गुण म्हणजे कुणाच्या तरी दिवसातली एकेक हालचाल आहे. मांडी घालताना पाऊल बाजूला कलावे लागते म्हणून ते कलते. बोटे आहेत, कारण अनवाणी माणसाच्या पायाकडे लोकांची नजर जाते. नियोजनाचा कागद कुठेच नाही, पण ज्यासाठी तो कागद लिहायचा असतो ते सगळे या रबरात उतरले आहे.

येथे पहिला आक्षेप असा घेतला जातो की एकेका माणसाचा इतका विचार करायला श्रीमंत देशांनाच परवडते. आपल्याकडे रांग मोठी आणि हात थोडे. आकडे पाहिले तर या म्हणण्यात तथ्य दिसते. पहिल्या सात वर्षांत बसवलेल्या पायांची संख्या शंभरापर्यंतही गेली नाही. पण १९७५ मध्ये देवेंद्र राज मेहता यांच्या पुढाकाराने भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली आणि पाय मोफत बसू लागले. पुढे ही संख्या लाखांवर गेली. हे शक्य झाले ते माणसाचा विचार सोडून दिल्यामुळे नव्हे, तोच विचार संस्थेच्या व्यवस्थेला लावल्यामुळे. लांबून आलेल्या मजुराचे दोन-तीन फेऱ्यांत मोलमजुरीचे दिवस बुडतात, म्हणून गुडघ्याखालचा पाय शक्यतो एका दिवसात बसवून द्यायचा. सोबत घरचे माणूस येते, म्हणून दोघांच्या राहण्या-जेवणाची सोय करायची. व्यक्तिकेंद्री असणे म्हणजे दर माणसामागे तासभर मुलाखत घेणे, हा समज जयपूरने खोटा ठरवला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो यशातूनच उगवतो. एकदा उत्तर गाजले की ते सगळ्यांना सारखेच देण्याचा मोह होतो. आपल्याकडे गावोगावी लागणाऱ्या फलकांवर ‘मोफत जयपूर फूट वाटप शिबिर’ असे शब्द असतात. यातला ‘वाटप’ हा शब्द जरा थांबून ऐकायला हवा. वाटप वस्तूंचे होते, आणि घेणारा ‘लाभार्थी’ होतो. कचेरीत बूट घालणाऱ्या तरुणाची गरज शेतकऱ्याच्या गरजेहून निराळी असते. मांडीपासून पाय गेलेल्याला नुसते चांगले पाऊल पुरत नाही, त्याला गुडघा लागतो. शिबिराचा मांडव उतरल्यावर सॉकेट घासून जखम झाली तर कुणाकडे जायचे, हेही अनेकदा ठरलेले नसते. तेव्हा जयपूरचे पाऊल हे कायमचे उत्तर मानले, तर ज्या सवयीतून ते जन्मले तिलाच आपण मुकतो. ती सवय चालू राहिली तेथे काम पुढे सरकले : स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांसोबत समितीने कमी खर्चाचा गुडघा विकसित केला आणि २००९ मध्ये त्याची जगभर दखल घेतली गेली.

तिसरा आक्षेप संस्कृतीचा आहे. व्यक्ती केंद्रस्थानी ठेवणे ही पाश्चात्त्य, एकट्या माणसाची कल्पना. आपल्याकडे निर्णय कुटुंब घेते, असे म्हणतात. मात्र जयपूरचे पाऊल ज्या हालचालींसाठी घडले, त्यांतल्या बऱ्याचशा कुटुंबातल्याच आहेत. पंगतीत मांडी घालून बसता न येणारा माणूस भिंतीकडेच्या खुर्चीवर वेगळा पडतो. त्याला काय हवे असे विचारले की उत्तरात घर येतेच. फक्त विचारायचे त्याला. त्याच्या वतीने बोलणाऱ्या भावाला किंवा मुलाला विचारून भागत नाही.

भारताने २००७ मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला आणि २०१६चा अपंग व्यक्ती हक्क कायदा त्यातूनच आला. बाल न्याय कायद्याखालील २०१६च्या आदर्श नियमांत तर बालगृहातल्या प्रत्येक मुलाचा वैयक्तिक आराखडा त्या मुलाशी बोलून तयार करावा, असे आहे. म्हणजे नियोजनाची बाजू आता कायद्यात आली आहे. चिंतनाची बाजू कायद्याने आणता येत नाही. आराखड्याचा नमुना अर्ध्या तासात भरून होतो आणि तपासणीच्या दिवशी फाईल पूर्ण दिसते. तो खरा आहे की नाही हे कळायला फाईलमध्ये आणखी एक नोंद लागते : सहा महिन्यांनी कार्यकर्ता घरी गेला तेव्हा पाय माणसाच्या अंगावर होता की खुंटीवर, आणि खुंटीवर असेल तर त्यानंतर आपण आपल्या कामात काय बदलले.